सतरावी हाक

“सतरा. तांब्याची वेणी, मागचा स्क्रू. घट्ट?”

“घट्ट आहे, ताई.”

सुमेध तायडेचा उजवा हात खांद्यापर्यंत फ्रिजच्या पोटात गेला होता. गाल धातूला टेकलेला, डोळे मिटलेले. मी समोर स्टुलावर यादी घेऊन बसले होते आणि जे करायचं नसतं ते मी केलं. मान वाकवून आत पाहिलं. तांब्याच्या तारांची वेणी दिसली, आणि तिचं खालचं टोक सुटं लोंबत होतं.

मी पुढचं वाचलं. “अठरा. चुंबकाच्या तारा.”

“आहेत.”

आमच्या लॅबमध्ये याला हाक देणं म्हणायचे. खरवंडीकर सरांनी घालून दिलेली रीत. फ्रिज बंद करण्याआधी दोघांनी बसायचं. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने त्या त्या वस्तूवर हात ठेवून ‘आहे’ म्हणायचं. वाचणाऱ्याने आत डोकवायचं नाही, हात घालणाऱ्याने यादी बघायची नाही. सर म्हणायचे, दोघांनीही दोन्ही कामं केली की दोघंही एकमेकांवर सोडून देतात. वाचणाऱ्याला शंका आली तर त्याने ‘पुन्हा’ म्हणायचं, बस. शेवटी दोघांच्या सह्या.

मी ‘पुन्हा’ म्हटलं नाही. बाविसाव्या हाकेपर्यंत वाचत गेले, सही ठोकली, आणि सुमेधने कपाळाचा घाम पुसत डबा वर चढवला.

का म्हटलं नाही, ते सांगते. त्याच दिवशी सकाळी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. नेदरलँड्सच्या एका प्रोफेसरांकडे पुढच्या संशोधनासाठी एक जागा होती. एकच. सर ज्याचं नाव देतील तो जाणार. मी सुमेधला दोन वर्षांनी सीनियर, पाच वर्षं त्या फ्रिजसमोर हाडं झिजवलेली. सर चष्मा पुसत म्हणाले, “शलाका, या वेळी तायड्याला पाठवू या. हात चांगला आहे त्याचा. आणि तुझं काय, आज ना उद्या लग्न करशील, तुला पुण्यातच काहीतरी बघू.”

मी “हो सर” म्हणून बाहेर आले. डोक्यात नुसती तिडीक. रागवायला हवं होतं सरांवर. पण सरांवर रागावणं परवडत नव्हतं, थिसिसवर सही त्यांचीच होती. सुमेधवर रागावणं सोपं होतं. तो बिचारा मूर्तिजापूरचा, आई अंगणवाडीसेविका. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी आठवणीने शेंगदाण्याची चटणी आणायचा आणि “ताई, जरा दाखवता का?” म्हणून मागे मागे यायचा. दाखवलं तेही मीच. स्पॅनर कसा धरायचा इथपासून.

आता हा फ्रिज म्हणजे घरातला नव्हे. माझ्या आईला अजून वाटतं मी एसी दुरुस्त करते. अर्धवाहकाच्या चकतीवर आम्ही इतका बारीक खळगा करतो, की त्यात एकच इलेक्ट्रॉन मावावा. क्वांटम डॉट म्हणतात त्याला. त्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनला, म्हणजे त्याच्या अंगच्या इवल्याशा चुंबकाला, आपण एक दिशा द्यायची आणि ती दिशा त्याच्या किती वेळ लक्षात राहते ते मोजायचं. उष्णता वाढली की आजूबाजूचं सगळं थरथरायला लागतं आणि तो विसरतो. म्हणून त्याला गारठवायचं, निरपेक्ष शून्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत, आणि मग हळूहळू तापमान चढवत बघायचं की विसरणं कसं वाढतं. त्या वेणीचं काम एवढंच, की वरच्या थंड तबकडीचा गारवा खाली टांगलेल्या नमुन्यापर्यंत, म्हणजे त्या चकतीपर्यंत, पोचवायचा. थर्मामीटर मात्र बसवलेला वरच्या तबकडीवर. वेणी सुटी राहिली तर थर्मामीटर आपला खुशाल आकडे दाखवणार आणि खाली नमुन्याला त्याचा पत्ताच नसणार.

फ्रिज गार व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून सुमेधने मोजमाप सुरू केलं. मला वाटलं होतं, आठवडाभरात आकडे असे वेडेवाकडे येतील की पोरगं स्वतःच डोक्याला हात लावेल. सर चिडतील, पुन्हा उघडा म्हणतील, मी गंमत बघेन. तेवढंच हवं होतं मला, खरंच तेवढंच.

पण झालं भलतंच. पाचव्या आठवड्यात तो धावत माझ्या टेबलापाशी आला. हातात कागद.

“ताई, बघा ना! वीस मिलिकेल्विनपासून एक केल्विनपर्यंत नेलं. पन्नासपट गरम केलं, ताई. आणि त्याला काही फरकच नाही!”

रेघ सपाट होती. डावीकडून उजवीकडे, टेबलाच्या कडेसारखी. गरम करा, गार करा, इलेक्ट्रॉनची आठवण तेवढीच. खरं असतं तर मोठीच गोष्ट होती. एवढ्या कडक गारव्याशिवाय चालणारे डॉट म्हणजे जगभरचे लोक ज्याच्या मागे लागले होते तेच. पण मला माहीत होतं ना, ती रेघ सपाट का आहे ते! नमुना गरम झालाच नव्हता. तबकडी तापत होती आणि खाली नमुना आपला होता तिथेच होता.

“अरे वा,” मी म्हटलं. “सरांना दाखवलंस?”

“तुम्हाला आधी दाखवायचं होतं.”

आता इथे तरी मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी त्याला खुर्ची दिली आणि म्हटलं, “हे बघ, असं घाबरत घाबरत लिहू नकोस. ‘परिणाम कमी दिसतो’ काय, ‘परिणाम नाही’ असं ठणकावून लिही. नेदरलँड्सचे पाहुणे येतायत पुढच्या शुक्रवारी, सेमिनार तूच दे.”

“पण ताई, मला इलेक्ट्रॉनचं स्वतःचं तापमान आतून मोजायचंय आधी. सिग्नलच्या रुंदीवरून निघतं ते. दोनच ठिकाणी घेतलंय अजून. आणखी दहा घेतली असती तर...”

“दोन जुळतायत ना?”

“जुळतायत.”

“मग झालं तर. सेमिनारनंतर घे निवांत.”

दोन जुळतायत, हे मी ऐकलं. ऐकून सोडून दिलं. दोन बिंदू काय, योगायोगानेही जुळतात. त्याच्या स्लाइड मी स्वतः नीट करून दिल्या. शीर्षकातलं ‘बहुधा’ काढून टाकायला लावलं. सर तर हवेतच होते. दोनदा मला म्हणाले, “बघितलंस? मी म्हणत नव्हतो, हात चांगला आहे पोराचा!” मी दोन्ही वेळा हसले.

शुक्रवारी अकरा वाजता सेमिनार. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत सर, थिसिस-समितीचे दोघं आणि ते डच पाहुणे, ज्यांच्याकडची जागा होती आणि ज्यांनी तो नमुना तयार करून पाठवला होता. तसा नमुना त्यांच्याकडेही दुसरा उरला नव्हता. सुमेधने नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच होत्या त्यावर. चाळीस मिनिटं छान बोलला. सपाट रेघ पडद्यावर आली तेव्हा पाहुणे पुढे सरकून बसले.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी हात वर केला. बोलणं सगळं इंग्रजीत होतं, मी आपलं मराठीत सांगते.

“तुझा थर्मामीटर कुठे बसवलाय?”

“वरच्या तबकडीवर.”

“आणि नमुना?”

“खाली. वेणीने जोडलेला.”

“वेणी जोडलेली आहे कशावरून?”

तो गोंधळला. “हाक दिली होती ना आपण.”

“मी ‘कशावरून’ विचारतेय. समज, वेणी सुटी आहे. मग तबकडी कितीही तापव, नमुन्याचं तापमान बदलणार नाही. बरोबर?”

“बरोबर.”

“मग रेघ कशी येईल?”

सुमेधने पडद्याकडे वळून पाहिलं, जणू ती रेघ तो पहिल्यांदाच बघत होता.

“सपाट,” तो म्हणाला.

“अशीच?”

“अशीच. पण मी आतून तापमान मोजलंय, दोन ठिकाणी. रुंदी वाढलीय, म्हणजे इलेक्ट्रॉन खरंच गरम...”

“दोन बिंदूंतून वाट्टेल ती रेघ जाते, सुमेध.”

कुणीतरी हसलं. त्याचं इंग्रजी तिथेच सुटलं. “ताई, काऊन असं... यादी तर तुम्हीच वाचली होती.”

त्या ‘ताई’वर आणि त्या वऱ्हाडी ‘काऊन’वर अख्खा हॉल हसला. पाहुण्यांनी सरांना विचारलं, मुलगा काय म्हणतोय? सर लालबुंद झाले होते. “काही नाही. आमचे तायडेसाहेब काहीतरी विसरलेत.”

सर तिथेच म्हणाले, फ्रिज गरम करायला लावा, सोमवारी उघडू. सगळ्यांसमोर हात घालून बघू.

सुमेध मंचावरून खाली उतरला आणि सरांसमोर उभा राहिला. हात जोडायचेच काय ते बाकी होते. “सर, गरम नका करू. एकदा खोलीइतका गरम झाला की हा डॉट तसाच परत येणार नाही. मला एक आठवडा द्या, दहा बिंदू घेतो, आतून सिद्ध करून दाखवतो. नाही झालं तर तुम्ही म्हणाल ते.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “शलाका, तुझं काय मत?”

त्याची मागणी रास्त होती. डोकं ठिकाणावर असलेला कुणीही तेच म्हणाला असता. “सर, स्क्रू सुटा असेल तर आठवडाभर काय मोजणार?” मी म्हटलं. “उघडून टाकलेलं बरं.”

सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही दोघं लॅबमध्ये होतो. नियमच होता, उघडताना दोघं हवेत. सुमेधने एकेक डबा उतरवला. शनिवार-रविवार झोपला नसावा, डोळे सुजलेले होते. शेवटचा डबा उतरवून तो मागे सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी स्टुलावर बसून होते. स्टुलावरून दिसलं, वेणी तशीच लोंबतेय. मनात म्हटलं, चला, सुटले. मी खोटी नव्हते.

दहाला सर आले, मागोमाग समितीचे दोघं आणि पाहुणे. सरांनी भिंतीवरच्या फाइलमधून यादी काढून माझ्या हातात दिली. “हाक दे. सतरापासून.”

इतक्या लोकांसमोर त्याला पुन्हा फ्रिजमध्ये हात घालायला लावायची काही गरज नव्हती. सरांना ती हौस होती. सुमेध पुढे आला, गाल टेकवला, खांद्यापर्यंत हात आत घातला.

“सतरा,” मी वाचलं. “तांब्याची वेणी, मागचा स्क्रू. घट्ट?”

“घट्ट आहे.”

“घट्ट कसला, लोंबतेय की डोळ्यांसमोर!” सर ओरडले.

“ती जुनी, सर. पुढची. तिच्या तारा तुटायला आल्या होत्या, म्हणून मी नवी मागच्या बाजूने लावली. जुनी काढायची राहिली. यादीत बदल केला होता.”

सरांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः हात घातला. मग स्पॅनर मागितला. स्पॅनर लावून जोर दिला. स्क्रू जागचा हलला नाही.

मी हातातला कागद पाहत होते. मागचा स्क्रू. माझ्याच तोंडाने मी दोनदा वाचलं होतं ते. स्टुलावरून मागची बाजू दिसतच नाही. वाचणाऱ्याने आत डोकवायचं नाही, तो नियम उगाच नव्हता.

म्हणजे रेघ खरी होती. नमुना गरम झाला होता, इलेक्ट्रॉनही गरम झाला होता, आणि तरी विसरला नव्हता.

सर कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. पाहुणे त्यांच्याकडे बघत होते. नमुना गरम करायचा हुकूम सरांचा होता, पोरगं हातापाया पडत असताना दिलेला. एवढ्या लोकांसमोर ते कुठून बाहेर पडणार, ते मला दिसत नव्हतं. त्यांना दिसलं.

“तायडे,” सर हळूच म्हणाले, “हा स्क्रू आज सकाळी आवळलात का?”

“नाही सर! ताई होत्या ना इथे.”

“शलाका? तू होतीस ना? डबा काढल्यापासून आम्ही येईपर्यंत?”

होते ना. साडेनऊपासून त्या स्टुलावर बसून होते. त्याने आत बोटही घातलं नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता. मग तू शुक्रवारी एवढ्या खात्रीने कशी बोललीस? आत डोकावली होतीस? मग त्याच दिवशी ‘पुन्हा’ का नाही म्हणालीस? सव्वा महिना गप्प का होतीस?

“सर, मी मध्ये दहा मिनिटं चहाला गेले होते,” मी म्हटलं.

सुमेध एक पाऊल पुढे आला. आवाज चढवला नाही त्याने. “ताई, तुम्ही तर स्टुलावरून उठल्याच नव्हता.”

“म्हणजे शलाका खोटं बोलतेय, असं म्हणणं आहे तुमचं?” समितीतले एक जण म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी यादीकडे बघत होते, पण कळत होतं मला. मग त्याने मान खाली घातली.

“नाही सर,” तो म्हणाला. “माझं लक्ष नसेल.”

त्याने मला वाचवलं, आणि त्याचीच मला इतकी चीड आली की काय सांगू. भांडला असता तर मी आणखी चार खोटी बोलले असते आणि आमची फिटंफाट झाली असती. एक मात्र आहे. त्या खोलीत उभे होते त्यांच्यापैकी कुणालाही, दहा मिनिटांत स्क्रू आवळून जगाला फसवणारा चोर म्हणून सुमेध तायडे पटायला एक क्षणही लागला नाही. त्याच्या जागी मी असते, दंडवतेंची शलाका असते, तर इतक्या पटकन पटलं असतं का, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. पुढे पडला, फार उशिरा.

दुपारी पाहुण्यांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गरम होताना त्यावरची एक बारीक तार तडकली होती. संपला होता तो. पुन्हा मोजून बघायचा प्रश्नच मिटला.

गुरुवारी सुमेध गेला. संस्थेच्या कागदावर ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलं होतं. लॅबची किल्ली द्यायला माझ्याकडेच आला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, “ताई, जुनी वेणी काढून टाका हं. नाहीतर पुन्हा कुणाचा तरी गैरसमज व्हायचा.” आणि टेबलावर चटणीची बरणी ठेवून निघून गेला. चटणी मी फेकून दिली. बरणी चांगली होती, ती ठेवली.

नेदरलँड्सला मी गेले. तीन वर्षांनी परत आले, आता माझी स्वतःची लॅब आहे. फ्रिजपाशी हाक देतात माझी पोरं, सरांची रीत मी मोडलेली नाही. सुमेध मूर्तिजापूरच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दर दिवाळीला त्याचा मेसेज येतो, ‘शुभ दीपावली, ताई’. एवढाच. मीही तेवढाच पाठवते.

परवा, त्या सोमवारनंतर अकरा वर्षांनी, एका परदेशी नियतकालिकाकडून एक लेख माझ्याकडे तपासायला आला. दुसऱ्या पानावर आकृती होती. वीस मिलिकेल्विन ते एक केल्विन, तसलाच डॉट, रेघ सपाट. टेबलाच्या कडेसारखी. इलेक्ट्रॉनचं तापमान त्यांनी आतून मोजलं होतं, बारा ठिकाणी. लेखात एक बारीकसाही दोष मला सापडला नाही, आणि मी शोधला होता.

सोबत परीक्षकाने भरायचा फॉर्म असतो. त्यात एक प्रश्न: हा निष्कर्ष नवा आहे का? याआधी कुणी दाखवला असल्यास नाव लिहा.

दुपारभर ती चौकट उघडी ठेवून बसले होते. दोन वेळा चहा आला, दोन्ही वेळा गार झाला. मग लिहिलं: निष्कर्ष पूर्णपणे नवा आहे. याआधी कुणीही दाखवलेला नाही.

खाली सही करावी लागत नाही. परीक्षकाचं नाव कुणाला कळू देत नाहीत.